देव्हाऱ्याचं डावं दार : कोरीव कामाच्या मशीनच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम एकच आहे. देव्हाऱ्याचं डावं दार परत बसवायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराची खालची खोली पूर्ण पाण्यात होती. देव उचलून आम्ही वर नेले, देव्हारा तसाच राहिला. पाणी ओसरल्यावर उजवं दार सुकून सरळ झालं. डावं उभं फाटलं होतं आणि चिखल काढायच्या गडबडीत कचऱ्याच्या ट्रॉलीत गेलं. कुणी टाकलं हे आजवर घरात कुणी विचारलेलं नाही. सहा वर्षं देव्हारा एका दारावर उभा आहे.

हाताने कोरणारा माणूस शोधला, मिळाला नाही. म्हणून घरगुती सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणारी मशीन घेतली, ३०१८ प्रकारची. नावातच माप आहे : ३०० बाय १८० मिलिमीटर. दार २८० बाय १६०, जेमतेम बसतं. मे महिन्यात जोडली. उजव्या दारावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घेतला, त्यावरून इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये वेल, पानं, पोपट काढले आणि आरशासारखं उलटं केलं.

छोटी कामं सुरेख होतात. मोठं काम लावलं की अर्ध्यावर नक्षी उजवीकडे सरकते. आज एमडीएफचा (भुसा दाबून केलेल्या फळीचा) दुसरा तुकडा वाया गेला. पोपटाचं डोकं एकीकडे, मान ३ मिलिमीटर दुसरीकडे. शिवाय मधूनच लॅपटॉप आणि मशीनचं बोलणं तुटतं आणि कटर लाकडात फिरत तसाच उभा राहतो. आजपासून सगळं लिहून ठेवणार. पेढीवर हळदीचा हिशेब रोज लिहितो, तर हाही लिहिता येईल.

११ जून

कटर काढून मशीन हवेतच चालवलं. २० मिनिटांत वीज गेली. तेवढ्यात मात्र शून्यावर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, बरोबर परत आलं होतं. म्हणजे लाकडाचा जोर आला की सरकतं, असं आज तरी दिसतंय.

१५ जून, रविवार

कुपवाडचा दादा आला. त्याचं एमआयडीसीत लेथचं काम आहे, घरी त्याने अशीच मशीन स्वतः बांधली आहे. येताना डायल गेज (बारीक सरक मोजायचं घड्याळ) आणि चुंबकाचा स्टँड घेऊन आला. चहाच्या आधीच मशीनसमोर बसला.

पहिला प्रश्न त्याने मोटरबद्दल विचारला नाही. “भावा, सरकतं ते एकदम का हळूहळू?” मला सांगता येईना. मी फक्त शेवटी बिघडलेला तुकडा पाहिला होता, बिघडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याने खिशातून पर्मनंट मार्कर काढला. मोटरचा दांडा, गाडा पुढे नेणारा लांब स्क्रू आणि दोघांना जोडणारं मधलं कपलिंग या तिघांवरून एक सरळ रेघ ओढली. मशीन बिघडल्यावर रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग घसरतंय. रेघ अखंड असून जागा चुकली तर मोटरच पावलं चुकतेय. एक मार्कर आणि एक रेघ, आणि दोन कारणं वेगळी झाली! मला हे फार आवडलं. आता तिन्ही अक्षांवर कायमच्या रेघा आहेत.

एमडीएफवर काम लावलं. अर्ध्या तासात एक्स (डाव्या-उजव्या) अक्षावरची रेघ तुटली. कपलिंग दांड्यावर आवळणारा छोटा ग्रब स्क्रू गोल दांड्यावर नुसता टेकलेला होता. दादाने मोटर काढून दांड्यावर कानशीने छोटा सपाट भाग केला (मोटरच्या आत कीस जाऊ नये म्हणून आधी तिथे ओलं फडकं गुंडाळलं), स्क्रूच्या आट्याला निळं थ्रेडलॉक (ढिलं होऊ न देणारा डिंक) लावलं आणि घट्ट केलं.

जाता जाता त्याने डायल लावून बॅकलॅशही मोजला. दिशा बदलताना स्क्रू थोडा फिरतो पण गाडा हलत नाही, ती ढिलाई. एक्सला ०.०२ मिमी. वायला, म्हणजे पुढच्या-मागच्या अक्षाला, ०.१८. “हे नंतर बघू, पण लिहून ठेव. गोल काढलास की आठवेल.” डायल माझ्याकडेच ठेवून गेला.

१८ जून

रेघ अखंड. तरी सरकलं.

आता ३ मिलिमीटर नाही, साधारण १. डायलवर नीट मोजलं, दोन्ही वेळा एकाच बाजूने येऊन. एकदा ०.९६, एकदा १.०४.

या दोन आकड्यांवर रात्री बराच वेळ बसलो. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं. ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारी चिप, प्रत्येक पावलाचे १६ भाग करते, म्हणजे ३२००. एका फेऱ्यात माझा स्क्रू गाडा ४ मिमी नेतो, म्हणून १ मिमीला ८००. हाच आकडा जीआरबीएलच्या (मशीनला चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) $१०० या सेटिंगमध्ये भरलेला असतो. स्टेपर मोटर चुकते तेव्हा वाटेल तेवढी चुकत नाही. तिचे दात पुढच्या जुळणाऱ्या जागी जाऊन बसतात, आणि ती जागा पूर्ण ४ पावलांवर असते. ४ पावलं म्हणजे माझ्या मशीनवर ०.०८ मिमी. ०.९६ म्हणजे १२ वेळा, १.०४ म्हणजे १३ वेळा. घसरलेलं कपलिंग असे हिशेबी आकडे देणार नाही. मोटरच चुकतेय.

मग ११ तारखेची चाचणी पुन्हा केली, यावेळी पूर्ण एक तास. हवेत, कटर नाही, लाकूड नाही. तरी ०.९६ सरकलं. तेव्हाचा माझा निष्कर्ष चुकला होता. लाकडाचा जोर हे कारण नाही. २० मिनिटांची चाचणी पुरेशी लांब नव्हती, एवढंच.

२२ जून, रविवार

विश्रामबागचे काका आले. वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आता नातवंडांसाठी लाकडी खेळणी कापतात. त्यांनी माझी वही आधी वाचली, मशीन नंतर पाहिली. १८ तारखेच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “वीस मिनिटांत काही नाही, तासात आहे. जे घड्याळ बघून बिघडतं ते तापून बिघडतं. तुमचा कंट्रोलर कुठंय?”

कंट्रोलर, म्हणजे मोटरी चालवणारा सर्किट बोर्ड, मी प्लायच्या पेटीत बंद केला होता. लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून मेमध्ये स्वतःच बनवलेली पेटी. काकांनी झाकण उघडलं. तीन ड्रायव्हर चिप्सवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या तीन ॲल्युमिनियमच्या छोट्या हीटसिंक असायला हव्यात. दोन होत्या. एक्सची पेटीच्या तळाशी पडली होती, चिकटपट्टी गरमीने सुटून. ही ए४९८८ ड्रायव्हर चिप फार तापली की स्वतःला वाचवायला क्षणभर बंद होते, थंड झाली की पुन्हा सुरू. त्या क्षणात संगणक पावलं पाठवतच असतो आणि मोटर जागची हलत नाही. जीआरबीएलला हे कळायला मार्ग नाही. मोटर खरंच फिरली का, हे सांगणारं या मशीनवर काहीच नसतं.

हीटसिंक उष्णता वाहून नेणाऱ्या पट्टीने परत चिकटवली. पेटीला दोन बाजूंनी भोकं पाडली, एका बाजूला पंखा, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळीचा तुकडा. करंट वाढवायचा मोह मला झाला होता. काकांनी अडवलं : “आज एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बरं कशानं झालं ते कळायचं नाही.” आणखी एक ताकीद दिली, ती लाल शाईने लिहितो : वीज चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जागीच जातो.

दीड तास हवेत चालवलं. डायल ०.०१. पुन्हा दीड तास. ०.०१.

२५ जून

सरकणं थांबलं, तुटणं नाही. आज दोनदा लॅपटॉपवर मशीन “गायब” झाली. एकदा ७ मिनिटांनी, एकदा ५२ मिनिटांनी. म्हणजे घड्याळ नाही.

२८ जून

सौ. ने शोधलं. संध्याकाळी मी वैतागून बसलो होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी टाकीची मोटर लावली की तुमची ती गुणगुण थांबते. मला वाटलं तुम्हीच बंद करता.”

वहीत वेळा होत्याच, शेजारी पाण्याच्या मोटरच्या वेळा लिहिल्या. पाचपैकी चार जुळल्या. पाचव्या वेळी मिक्सर होता.

२ जुलै

काका मीटर घेऊन आले. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ११ व्होल्ट! ते दोन-तीनच्या आत हवे. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेलो तर पट्टीचा क्लॅम्प गंजून नुसता टेकलेला. हाही पुराचाच असावा. गावभागात पाणी शिरलेल्या घरांनी हा क्लॅम्प एकदा उघडून बघावा. मशीनचं सोडा, घरातल्या माणसांसाठी ते जास्त गरजेचं आहे. मेन बंद करून घासला, नवे नटबोल्ट लावले, पाणी घातलं. १.४ व्होल्ट.

विट्याचा मुलगा अभियांत्रिकीला आहे, त्याने फोनवर आणखी तीन गोष्टी सांगितल्या. यूएसबी केबल आखूड घ्यायची आणि तिच्यावर विजेचा उपद्रव अडवणारा फेराइटचा मणी चढवायचा. ती स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) वायरीबरोबर बांधायची नाही (मी नीटनेटकं दिसावं म्हणून दोन्ही एकाच पट्टीत बांधल्या होत्या). आणि स्पिंडलची ७७५ मोटर ब्रशची असल्याने तिच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकायचा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा उपद्रव उगमापाशीच मरतो. यावेळी मी काकांचा नियम मोडला आणि सगळं एकदम केलं. त्यामुळे नेमकं औषध कोणतं लागू पडलं हे आता सांगता येणार नाही. दोन तासांत टाकीची मोटर सहा वेळा मुद्दाम लावली. एकदाही तुटलं नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारे चाचा आहेत, कुपवाडच्या दादाच्या ओळखीचे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद अनेक दुकानांत दिसतो. चाचांकडे यंत्र म्हणाल तर एक ड्रिल. बाकी पटाशा, कानशी आणि भिंतीला टांगलेले, मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे.

त्यांनी माझा ठसा जमिनीवर पसरला आणि माझी नवी सागवानी फळी हातात घेतली. फळी पेढीसमोरच्या वखारीतून मागच्याच आठवड्यात आणली होती. त्यांनी ती डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला. “ही आत्ताच वाकायला लागलीय. पावसात आणलेलं लाकूड पावसातच कापायचं नाही.” खरंच, घरी सरळ पट्टी ठेवून पाहिलं तर मधे ०.७ मिमी पोकळी. माझ्या कोरीव कामाची सगळी खोली ४ मिमी, त्यात ०.७ म्हणजे पानाची एक कड खोल आणि दुसरी नुसती ओरखडल्यासारखी.

“जुन्या वाड्याचं घ्या,” म्हणाले. “तुळईचं. त्यानं काय वाकायचं ते वाकून घेतलंय.”

दुसरी गोष्ट त्यांनी पानांच्या टोकांवरून बोट फिरवत सांगितली. मी दार मशीनवर जसं बसेल तसं, म्हणजे लाकडाची रेषा आडवी धरून बसवणार होतो. टोकं रेषेला आडवी आली की तुटतात. रेषा दाराच्या उंचीतच हवी, वेल जशी वर चढते तशी. जुनं दार तसंच आहे. मी रोज उदबत्ती लावताना पाहतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एकादशीचा उपास म्हणून त्यांनी माझ्यासाठी राजगिऱ्याची चिक्की मागवली.

२० जुलै, रविवार

गेले दोन आठवडे लाकडात गेले. शेजारच्या गल्लीत वाडा पाडला, त्याची सागवानी तुळई मिळाली. वखारीत चिरण्याआधी चुंबक फिरवून चार खिळे काढले. फळी दोन्ही बाजूंनी रंधून घेतली आणि तिन्ही खोल्यांतली कोरडी खोली बघून तिथे उभी ठेवली.

मशीनचा पाटही सपाट नव्हता. ६ मिमीच्या कटरने ०.३ मिमीचा पातळ थर त्यावरून काढला. अडीच तास लागले, पण आता पाट मशीनच्याच नजरेने सपाट आहे, आणि कामाला तेच सपाटपण लागतं.

मग दादाचं वाक्य आठवलं आणि गोल काढून पाहिला. ४० मिमीचं वर्तुळ. वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक बारीक पायरी, जिथे वाय अक्ष दिशा बदलतो तिथेच. ही चूक घड्याळ बघत नाही, पाण्याची मोटरही बघत नाही, फक्त वळणावर येते. पोपटाचा डोळा गोल आहे, त्यामुळे हे सोडून चालणार नव्हतं. वायचा पितळी नट काढला. दोन नटांच्या मधे स्प्रिंग असते, ती दोघांना विरुद्ध बाजूंनी आट्यावर दाबून ढिलाई खाते. माझी स्प्रिंग दबतच नव्हती, नट एकमेकांपासून लांब बसवले गेले होते. एक नट चौथाई फेरा फिरवून पुन्हा बसवला. ०.१८ वरून ०.०३. वर्तुळ गोल झालं.

२९ जुलै, नागपंचमी

आज मशीन बंद. आईचं म्हणणं, नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, मग लाकूड तरी कसं कापशील? बरोबरच आहे.

दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि उलट्या केलेल्या नक्षीचा कागद बघत राहिली. मग म्हणाली, “हा पोपट नव्हे.” मला वाटलं तिला नीट दिसत नाही. चष्मा आणून दिला. “उजव्या दाराचा पोपट रिकामा आहे. डाव्याच्या चोचीत आंबा होता, देठासकट. तुझे आजोबा म्हणायचे, एकजण आणतो आणि एकजण वाट बघतो.”

सहा वर्षं मी धरून चाललो होतो की डावं दार म्हणजे उजव्याची आरशातली प्रतिमा. घरात दाराचा एकही फोटो नाही. लग्नाच्या अल्बममध्ये देव्हारा आहे, पण दारं उघडी. त्यामुळे आंबा कसा होता हे फक्त आईला माहीत. तिने पेन्सिलीने काढून दाखवला, कोयरीसारखा, टोक जरा वाकडं. मी म्हटलं टोक सरळ करू का. “वाकडंच होतं,” म्हणाली.

आज मशीन चालू असती तर कदाचित उद्यापर्यंत दार रिकाम्या चोचीने कोरून झालं असतं.

१० ऑगस्ट, रविवार

आंबा नक्षीत घातला. आधी चाचणी तुकड्यावर, आईला दाखवून, मग खरी फळी.

जाड काम : ३.१७५ मिमीचा सपाट कटर, एका थरात १ मिमी, वेग मिनिटाला ५०० मिमी. कालच्या राखीला आलेली धाकटी बहीण शेजारी व्हॅक्युमची नळी धरून बसली होती. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते, म्हणून बारीक कामासाठी नवा कटर राखून ठेवलाय. १ तास ५० मिनिटं. तिन्ही रेघा अखंड. डायल ०.०१.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून आल्यावर सुरुवात केली. २ मिमी व्यासाचा गोल टोकाचा कटर, दोन रेघांमध्ये ०.२ मिमी. १६० मिमी रुंदीत ८०० फेऱ्या, प्रत्येकी २८० मिमी, मिनिटाला ८०० च्या वेगाने. हिशेबाने ४ तास ४० मिनिटं, प्रत्यक्षात ५ तासांच्या वर गेलं, कारण वळणांवर वेग कमी होतो. टाकीची मोटर सौ. ने सकाळीच लावून ठेवली होती. मी उठलो नाही. दादा, काका, विट्याचा मुलगा तिघांचेही फोन येऊन गेले, तिघांनी एकच विचारलं : “रेघा?”

अखंड.

शेवटी शून्यावर परत नेलं. डायल ०.०२. मी आकडा दोनदा वाचला आणि मग आवाज बंद झालेल्या खोलीत थोडा वेळ तसाच बसलो.

१७ ऑगस्ट, रविवार

काल चाचांकडे दार नेलं होतं. पानांच्या कडेचे तंतू त्यांनी पटाशीने साफ केले, मला दोन पानं करू दिली. आंब्याच्या देठापाशी मशीनचा कटर पोचू शकला नव्हता, तो कोपरा त्यांनी हाताने उघडला. पैसे घेतले नाहीत, गणपतीत दर्शनाला येतो म्हणाले.

आज जुन्या पितळी बिजागऱ्यांवर दार चढवलं. नवं दार फिकट आहे, जुनं तेला-धुराने काळपट. जवसाचं तेल लावलं, रंग जुळवायचा प्रयत्न केला नाही. गणपती २७ तारखेला बसतील, तोवर दुसरा हात सुकेल. आईने दोन्ही दारं लावली, उघडली, पुन्हा लावली, आणि अंगठ्याने आंब्याचं वाकडं टोक चाचपलं.

वरच्या बिजागरीचा एक स्क्रू जुन्या भोकात फिरतोय. उद्या भोकात आगकाडी ठोकून पक्का करायचा. दादाचं डायल परत द्यायचं आहे.